ऑप्शनचा हिशेब: आलेखातला नफा आणि बिलातला नफा

2025च्या जूनमध्ये निफ्टी 25,000च्या आसपास घुटमळत होता. थोडी तेजी येईल, पण फार नाही, असा माझा अंदाज होता. म्हणून बुल कॉल स्प्रेड घ्यायचं ठरवलं, म्हणजे दोन कॉल (ठरलेल्या भावाला निफ्टी घेण्याचा हक्क देणारे ऑप्शन; तो भाव म्हणजे स्ट्राइक): 25,000चा कॉल 180 रुपयांना घ्यायचा आणि 25,200चा 95ला विकायचा. लॉट, म्हणजे एका सौद्यातली कमीत कमी संख्या, तेव्हा 75चा. सौदा टाकण्याआधी सगळं शीटवर मांडून बघायचं हे मात्र पक्कं होतं.

एक्स्पायरीचं, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवसाचं, गणित सोपं. खिशातून 85 पॉइंट जाणार, म्हणजे 6,375 रुपये. जास्तीत जास्त तोटा तेवढाच. निफ्टी 25,200च्या वर कितीही गेला तरी मिळणार 200 वजा 85, म्हणजे 115 पॉइंट, रुपयांत 8,625. ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा, 25,085वर. एका कॉलममध्ये निफ्टीचे भाव, पुढच्या दोनमध्ये दोन्ही कॉलची किंमत (भाव वजा स्ट्राइक, उणे आलं तर शून्य), मग बेरीज-वजाबाकी. एवढ्यावर आलेख तयार होतो. मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, मात्र या 6,375च्या कितीतरी पट अडकतं, हे त्या आलेखात कुठेच दिसत नाही.

खरा वेळ गेला तो खर्चाच्या कॉलमवर. माझा आतेभाऊ रोज सौदे करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘अरे, ऑर्डरला वीस रुपये धर आणि सोडून दे.’’ मी सोडलं नाही. तेव्हाचे दर असे: ब्रोकरेज ऑर्डरमागे 20, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) विकलेल्या प्रीमियमवर, म्हणजे ऑप्शनच्या किमतीवर, 0.1 टक्का, एनएसई या शेअर बाजाराचं शुल्क खरेदी-विक्री दोन्ही बाजूंना 0.03503 टक्के, खरेदीवर स्टॅम्प ड्युटी 0.003 टक्के, आणि ब्रोकरेज व शुल्कावर 18 टक्के जीएसटी. बाजार नियामक सेबीची फी कोटीला दहा रुपये, म्हणजे आपल्यासाठी पैशांतच. दोन्ही लेग, म्हणजे दोन्ही कॉलचे सौदे, उघडायला साधारण 63 रुपये लागत होते.

सौदा घेतल्यावर काही दिवसांत निफ्टी 25,150ला गेला. आलेखाप्रमाणे 65 पॉइंट, म्हणजे 4,875 रुपये नफा हवा. स्क्रीनवर घेतलेला कॉल 245 आणि विकलेला 130, म्हणजे फरक 115. नफा फक्त 30 पॉइंट! यात गडबड काही नव्हती. तो आलेख एक्स्पायरीच्या दिवसाचा असतो. त्याआधी विकलेल्या कॉलमध्येही वेळेची किंमत (मुदत उरल्यामुळे असणारा जादा भाव) शिल्लक असते आणि तो बंद करायचा तर ती आपल्यालाच मोजावी लागते. एक्स्पायरीच्या गुरुवारपर्यंत थांबलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, कदाचित 25,000च्या खाली जाऊन सगळेच गेले असते. मी तिथेच बाहेर पडलो.

2,250मधून येण्याजाण्याचे मिळून 141 रुपये गेले, हातात 2,109. त्या 141मध्ये 80 नुसतं ब्रोकरेज. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरचं बिल, आणि माझी शीट यांत काही पैशांचा फरक आला, कारण एसटीटी पूर्ण रुपयात गोळा होतो.

मग आतेभावाचे सौदे त्याच शीटमध्ये घातले. एका लॉटचा ऑप्शन 100ला घेऊन 105ला विकला: ढोबळ नफा 375, खर्च 62. एकच पॉइंट मिळाला तर 75पैकी 61 खर्चात, उरले 14. ‘‘एवढे?’’ म्हणून त्याने स्वतःची कॉन्ट्रॅक्ट नोट उघडली. सेबीच्या सप्टेंबर 2024च्या अहवालात 2023-24 मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या एका व्यक्तीचा सरासरी व्यवहारखर्च 26,000 रुपये दिला आहे. आतेभावाचे रोजचे सौदे बघता तो आकडा मला अजिबात फुगवलेला वाटला नाही.

रिटर्नच्या वेळी हीच शीट कामी येते. हे व्यवसायाचं उत्पन्न, त्यामुळे आयटीआर-3 भरायचा आणि हे सगळे खर्च वजा मागायचे. उलाढाल काढताना मात्र नफा-तोट्याची वजाबाकी करायची नाही, दोन्हींचे आकडे चिन्ह सोडून बेरजेत घ्यायचे. लॉट आणि करांचे दर मी वर वेगळ्या रकान्यांत ठेवलेत. ते बदलत राहतात, बदलले की तेवढाच आकडा बदलायचा.