सुटलेला किती किलोचा?

बेळगावचा मराठी पोरगा कावेरीवर फिशिंग कॅम्पचा मॅनेजर कसा झाला ते विचारू नका, हॉटेल मॅनेजमेंट केलेलं, कन्नड येत होतं, इंग्रजी बरं होतं आणि पगार वेळेवर मिळत होता, एवढंच कारण. २००० नंतरच्या दशकातली गोष्ट आहे. कर्नाटकातल्या शिवनसमुद्र आणि मेकेदाटूच्या मधला कावेरीचा पट्टा, दोन्ही बाजूला जंगल, रात्री पलीकडच्या काठावर हत्ती पाण्याला यायचे, पाण्यात मगरी, पाणमांजरं, आणि तंबूत राहायला येणारे बहुतेक गेस्ट इंग्लंडचे. वर्षभर पैसे साठवून एका माशासाठी येणारे लोक. महसीर.

महसीर म्हणजे आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीला किंवा वाड्याजवळ तिळसेश्वराला वैतरणेत देवाचे मासे म्हणून ज्यांना आपण खायला टाकतो ना, त्यांचाच जातभाई. फक्त कावेरीतला जुना मासा वेगळा, पाठीवर कुबड, पंख आणि शेपूट केशरी, आणि वाढतो बेफाट. १९४६ साली काबिनी नदीत व्हॅन इंगेन नावाच्या म्हैसूरच्या माणसाने १२० पौंडाचा काढलेला, म्हणजे ५४ किलो, त्याचा फोटो आमच्या जेवणाच्या शेडमध्ये लावलेला होता आणि प्रत्येक नवा गेस्ट पहिल्या दिवशी त्याच्यासमोर उभा राहून गप्प व्हायचा.

माझं काम म्हणजे जेवण, जीप, बिलं, रजिस्टर. मासे पकडणं हे गिलींचं काम, गिली म्हणजे गेस्टबरोबर जाणारा लोकल माणूस, नदीचा एकेक दगड पाठ असलेला. आमच्यातला सगळ्यात म्हातारा गिली, त्याला सगळे अण्णा म्हणायचो, तो तरुणपणी गावठी बॉम्ब टाकून मासे मारायचा हे तो स्वतःच हसत सांगायचा. नंतर कॅम्पने त्यालाच पगारावर घेतलं. आता तोच रात्री बॅटरी घेऊन बॉम्बवाल्यांच्या मागे धावायचा, आणि ज्या खोबणीत पूर्वी बॉम्ब टाकायचा तिथंच गेस्टला बसवायचा.

त्या दिवशी दुसरा एक गिली तापाने पडला म्हणून मी गेलो अण्णाबरोबर, डबा आणि पाणी उचलायला. फेब्रुवारी संपत आलेला, पाणी उतरलेलं, दगड उघडे पडलेले. गेस्ट साठीतला, मँचेस्टरकडचा, पोस्टात नोकरी करून रिटायर झालेला, पहिल्यांदाच भारतात, आणि आल्यापासून त्याला छोटे मासे सोडून काही लागलं नव्हतं. बोलायचा कमी. अण्णाने रात्रीच नाचणीचं पीठ उकडून मळून ठेवलेलं, प्रत्येक गिलीचा आपला मसाला असतो, अण्णाच्या गोळ्याला लसणाचा वास यायचा आणि तो वास माझ्या शर्टाला दोन धुण्यात जायचा नाही. लिंबापेक्षा मोठा गोळा हुकभोवती थापायचा, हुक चांगला अंगठ्याएवढा, चाळीस पौंडाची लाईन, आणि धारेच्या बाजूला जिथं पाणी खोल होऊन काळं दिसतं तिथं टाकायचा. मग बसायचं. उन्हात तापलेल्या दगडावर तासन् तास, लाईन बोटात धरून. चिल्लर मासे टकटक करत गोळा कुरतडत राहतात ते बोटाला कळतं, सुरुवातीला तुम्हाला प्रत्येक टकटक मोठा मासा वाटते, मग सवय होते, आणि नेमकं सवय झाल्यावर खरा येतो.

आला तेव्हा टकटक वगैरे काही नाही. रॉड एकदम खाली गेला, टोक पाण्याला लागलं आणि रील किंचाळायला लागलं, चालत्या एसटीच्या बंपरला लाईन अडकावी तशी नुसती जातेय जातेय, आणि तो बिचारा दोन्ही हातांनी रॉड धरून दगडावरून पुढे घसरतोय. मी मागून त्याचा बेल्ट पकडला. खरं सांगतो, मला माशांचं फार वेड नव्हतं तोपर्यंत, पण बेल्टमधून सुद्धा तो धक्का माझ्या हातात येत होता, मधे साठ वर्षांचा एक जड माणूस असून. अण्णा ओरडत होता की सोडा, लाईन सोडा, पहिल्या धावेला थांबवायला जायचं नाही, थांबवलं की तुटलं. शंभर मीटरच्या वर लाईन गेली असेल. खाली धारेच्या तोंडाशी जाऊन मासा थांबला.

आणि मग काहीच नाही. रॉड वाकलेला तसाच, पण पलीकडे जिवंत काही असल्यासारखं वाटेना. अण्णाने लाईनला बोट लावलं, मला पण लावायला सांगितलं. बारीक करकर लागत होती, दगडावर घासल्याची. महसीरची हीच ट्रिक, पाण्याखालच्या दगडाला वळसा घालून बसतो, आणि इकडून ओढाल तर लाईन दगडावरच कापली जाणार. इथंच बहुतेक मासे जातात. गेस्टचा चेहरा पडलेला, त्याला वाटलं संपलं. अण्णा म्हणाला, ढिली सोडा, कोरॅकलमध्ये बसा.

कोरॅकल म्हणजे बांबूचं गोल टोपलं, बाहेरून डांबर फासलेलं, एकच वल्हं, पुढची बाजू मागची बाजू असला प्रकार नाही त्यामुळे ते सरळ जाण्याऐवजी गिरक्या घेतच जातं. त्यात आम्ही तिघे. सकाळीच वरच्या वाळूवर मगर ऊन खात पडलेली मी बघितली होती ते मी बोललो नाही. अण्णाने धारेच्या कडेकडेने नेऊन बरोब्बर त्या दगडाच्या वर आणलं, मग पलीकडे फिरवलं आणि वल्हं पाण्यात खुपसून लाईन खालून उचलली. टण्ण करून काहीतरी सुटलं. दोन सेकंद शांत, आणि मग कोरॅकलच चालायला लागलं. वल्हं अण्णाच्या मांडीवर आणि आम्ही प्रवाहाच्या उलट जातोय, मासा ओढतोय आम्हाला! गेस्ट मोठ्याने हसायला लागला, इतक्या दिवसात पहिल्यांदा.

पुढचा अर्धा तास सगळा धड आठवत नाही. ओढ, सोड, ओढ, सोड. शेवटी अण्णाने आम्हाला काठाच्या वाळूवर उतरवलं, कारण कोरॅकलमधून एवढा मासा हाताळता येत नाही, आणि तिथं जाळं वगैरे वापरत नाहीत, गिली पाण्यात उतरून हातानेच धरतो, मग ओठातून दोरी ओवून मासा पाण्यातच थोडा वेळ ठेवायचा, त्याचा दम परत आला की वजन, फोटो, सोडून द्यायचा. मारायचा नाही हा नियम होता. अण्णा कमरेएवढ्या पाण्यात उभा, लाईन जवळ जवळ येतेय, आणि मासा वर आला.

आधी कुबड दिसलं. मग एका कुशीवर झाला तेव्हा खवले, एकेक खवला माझ्या पंजाएवढा, सोनेरी आणि तांब्याच्या मधला काहीतरी रंग, आणि शेपूट भडक केशरी. अण्णाच्या तोंडून फक्त "बिळि मीनू" एवढंच निघालं, म्हणजे महसीरच, ते तर आम्हाला पण दिसत होतं की. त्याने हात पुढे केला. बोटं टेकली असतील नसतील, माशाने अंग वळवलं, शेपटीचा एक फटका, अण्णा डोक्यापासून भिजला आणि रॉड सरळ झाला.

लाईन गुंडाळली तर तुटलेली नव्हती. गाठ शाबूत. हुक परत आला, पण त्याचा वाक उघडलेला, जवळजवळ खिळा. महसीरला तोंडात दात नसतात, घशात असतात, खेकडे शिंपले चिरडायला, आणि त्यात सापडला तर पोलादी हुकचं सुद्धा असं होतं. कुणाचं काही चुकलं नाही. हे मला तेव्हा पण पटलं आणि आज पण पटतं, तरी अण्णा तो हुक हातात फिरवत कितीतरी वेळ बघत होता. गेस्ट वाळूत बसला, सिगारेट काढली, पण हात इतके थरथरत होते की पेटवता येईना. अण्णाने ती त्याच्या तोंडातून काढून घेतली, पेटवली, एक झुरका स्वतः मारला आणि परत दिली.

संध्याकाळी शेडमध्ये भांडण. अण्णा म्हणाला ३५ किलो. कूकने मासा पाहिलाही नव्हता, तो म्हणाला ५० च्या खाली असणं शक्य नाही, भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून. सगळ्यात कमी आकडा गेस्टचा, २५, आणि तो सांगताना पण त्याला लाजल्यासारखं होत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने नऊ किलोचा ब्लू फिन काढला, म्हणजे निळसर पंखांचा महसीर, त्याचा पहिलाच, फोटो काढला, हस्तांदोलन केलं, आणि जेवताना पुन्हा आदल्या दिवशीचाच विषय. हे मी खूप गेस्टमध्ये बघितलंय, हातात आलेल्या माशाचं बोलणं सूप संपेपर्यंत पुरतं, सुटलेल्याचं बोलणं बार बंद होईपर्यंत.

रजिस्टर मी लिहायचो. तारीख, गेस्ट, जागा, वजन, रंग. सुटलेल्याला रकाना नव्हता, त्यामुळे त्या आठवड्याला त्याच्या नावावर फक्त नऊ किलो, ब्लू फिन.

आणि हा ब्लू फिन मूळचा इथला नव्हेच, आपल्याकडचा. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून दख्खनी महसीरची, म्हणजे याच ब्लू फिनची, पैदास सुरू झाली, काम मोठंच होतं, त्याची पिल्लं बऱ्याच राज्यांत गेली आणि कावेरीत पण सोडली. ती तिथं मस्त रमली. आमच्या रजिस्टरात दर सीझनला ब्लू फिन वाढत होते, कुबडवाल्या केशरीच्या नोंदी कमी होत होत्या, पण मी लिहीत होतो, वाचत नव्हतो, गेस्टला मासे मिळतायत ना मग झालं. २०१२ च्या आसपास अभयारण्यातली अँगलिंग, म्हणजे गळाची मासेमारी, बंद झाली, मी पण पुण्याला आलो. २०१८ मध्ये संशोधकांनी सांगितलं की तो कुबडवाला म्हणजे टोर रेमादेवी, हे त्याचं शास्त्रीय नाव, आणि त्याच वर्षी आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेने त्याला क्रिटिकली एन्डेंजर्डमध्ये टाकलं, म्हणजे निसर्गातून संपण्याच्या एक पायरी आधी. तेव्हा पहिली आठवण आली ती त्या शेपटीच्या रंगाची. आपण इतक्या जवळून काय बघितलं ते कळायला मला दहा वर्षं लागली म्हणायची.

तो पोस्टवाला पुढच्या सीझनला परत आलेला. ब्लू फिन हमखास मिळतील अशा जागा मी दाखवत होतो तर ऐकेचना, अण्णाला घेऊन त्याच दगडावर जाऊन बसायचा, रोज रिकामा यायचा आणि मजेत असायचा. वजन मात्र त्याने तोपर्यंत ३० वर नेलेलं. मला विचाराल तर ३० बरोबर आहे.