तुम्ही विचारलंत म्हणून: वाईचा माणूस माओरीत काय करतो?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही माओरी शिकता म्हणे, गाणीबिणीही रचता. कशाला? इथे आपल्या पोरांना मराठी धड येत नाही!" रांग पुढे सरकते आणि उत्तर राहून जातं.

सुरुवात गावाच्या नावामुळे झाली. मी वाईचा. माओरीत, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत, 'वाई' म्हणजे पाणी, आणि 'वाई' म्हणजेच 'कोण'. 'नो वाई कोए?' म्हणजे तू कुणाचा? जाणती माणसं त्यातच 'तू कुठल्या पाण्याचा?' ऐकतात. (मुळात हे दोन वेगळे शब्द. सामोअनमध्ये पाणी 'वाई' आणि कोण 'आई'. पण कोटी करणाऱ्याला त्याचं काय!) पहिल्याच तासाला मी 'नो वाई आहाऊ' म्हणालो आणि वर्ग हसला. मी फक्त गाव सांगितलं होतं.

मग पेपेहा आला. पेपेहा म्हणजे स्वतःची ओळख: आधी डोंगर, मग नदी, पूर्वज आले ती होडी, कूळ, आणि नाव अगदी शेवटी. डोंगराला 'माउङा' म्हणतात. वाङ्मयाबाहेर आपण विसरलेला ङ इथे रोज लागतो! मी खिडकीतून दिसणारा माउङाकिएकिए ठोकून दिला. तास संपल्यावर बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, "तो तुझा पूर्वज आहे का?" 'को अमुक ते माउङा' म्हणणं म्हणजे नातं सांगणं. मी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव चढवून बसलो होतो. तेव्हापासून पांडवगड आणि कृष्णा. होडीच्या जागी विमान म्हणतो, सगळे हसतात.

म्हणींना फाकाताउकी म्हणतात. त्यातली एक इथे भिंतीभिंतीवर दिसते: जगात मोठं काय? 'हे ताङाता, हे ताङाता, हे ताङाता', माणूस, माणूस, माणूस. मला राग येतो तो पहिली ओळ गाळल्याचा: 'हुतिया ते रितो ओ ते हाराकेके, केई हेआ ते कोमाको ए को?' हाराकेकेचा गाभा उपटलात, तर कोमाको पक्षी कुठे गाईल? हाराकेके ही विणकामाची पात्याची वनस्पती. मधला कोंब हे मूल, त्याला बिलगलेली दोन पाती आईबाप, म्हणून कापायची ती फक्त बाहेरची. शिवाय 'को' म्हणजे गाणं, म्हणजे पक्ष्याच्या नावातच त्याचा आवाज. हे सगळं गेलं की उरतं नुसतं सुविचाराचं पोस्टर.

'बोलणं हे राङातिराचं, म्हणजे सरदाराचं, अन्न', अशीही म्हण आहे. मराएवर, म्हणजे त्यांच्या सभास्थानी, भाषण झालं की वक्त्याची माणसं उभी राहून गाणं म्हणतात. त्या गाण्याला म्हणतात 'कीनाकी', तोंडीलावणं! लोणच्याशिवाय पान वाढत नाहीत, तसंच. मी रचतो ती असली चार ओळींची तोंडीलावणी, आणि बाईंना दाखवल्याशिवाय कुठे म्हणत नाही. जुनी मोतेआतेआ गाणी मात्र नुसती शिकतो. माओरी नेते आपिराना ङाता यांनी ती जमवून 1928 साली पहिला खंड काढला. विलापाची, प्रेमाची, बाळाला वंशावळ ऐकवणारी. ही गाणी मध्ये तुटणं अशुभ, म्हणून एकाचा दम संपला की दुसऱ्याचा सूर चालूच असतो.

एकदा माझं भाषण झालं आणि गाणं तयार नव्हतं. आजीची जात्यावरची ओवी म्हटली. नंतर एका आजीबाईंनी अर्थ विचारला नाही. विचारलं, "यात श्वास कुठे घेतात?" मला सांगता येईना. रात्री मावशीला फोन लावला.

"श्वास कसला?" मावशी म्हणाली. "जातं फिरतंय ना. एकीचं संपलं की समोरचीनं उचलायचं. तू एकट्यानं म्हटलीस होय रे?"