अडुळशाच्या नोंदी: बांधलेल्या फुलांत यीस्ट आले कोठून?

मागच्या नोंदीत कीटक आत जाऊ नयेत म्हणून ज्या बारा कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या, त्यांपैकी सात फुलांच्या मकरंदातून आगरवर (सूक्ष्मजीव वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) पांढुरक्या, गुळगुळीत वसाहती उगवल्या. कीटक न पोहोचलेल्या फुलाचा मकरंद जवळजवळ निर्जंतुक असतो, या गृहीतकावर भुंगा आणि सातेरी मधमाशी यांनी भेट दिलेल्या फुलांच्या मकरंदाची माझी सगळी तुलना उभी होती.

दोष हाताळणीचा असावा असे समजून मी दोन आठवडे घालवले. कुकरमध्ये निर्जंतुक केलेल्या माध्यमाच्या कोऱ्या प्लेटी स्वच्छ राहिल्या. मकरंद शोषून घेण्याची बारीक नळी, म्हणजे केशनलिका, रिकामीच टेकवलेल्या प्लेटीही तशाच राहिल्या. (आगर पूड महाग पडली तरी प्रयोगशाळेचीच घ्यावी, असे माझे मत आता पक्के झाले आहे, वाण्याकडच्या चायना ग्रासचे माध्यम ढगाळ होते आणि बारीक वसाहती त्यात दिसत नाहीत.) अखेर एका फुलाची नळी उभी चिरून भिंगाखाली धरली, तेव्हा तळाशी दोन फुलकिडे फिरताना दिसले. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा हा सडपातळ किडा मलमलीच्या विणीतून आत शिरू शकतो, हे मी हिशेबातच धरले नव्हते.

त्यांतला एक ओल्या ब्रशच्या टोकाने उचलून ताज्या प्लेटीवर दहा मिनिटे चालू दिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या वाटेवर वसाहतींची नागमोडी रेघ उमटली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींना यीस्टसारखे मुकुल (कोंब) फुटलेले स्पष्ट दिसले. या हंगामातील माझी ही सर्वांत लाडकी प्लेट आहे. यीस्ट आहे एवढे नक्की. केवळ आकारावरून त्याला मेट्श्निकोविया (मकरंदात नेहमी आढळणारी यीस्टची प्रजाती) म्हणणार नाही.

भुंगा आणि सातेरी मधमाशी यांनी भेट दिलेल्या फुलांची तुलना त्यामुळे पुढे ढकलतो आणि आधी बारीक विणीचे नायलॉनचे कापड आणतो, असे लिहिणार होतो. परंतु फुलकिडे पिशवी बांधण्यापूर्वीच कळीत शिरलेले असतील, तर कोणतेही कापड निरुपयोगी ठरेल. म्हणून उद्या पहाटे न उमललेल्या वीस कळ्या चिरून पाहीन.

शिवाय मकरंदाच्या थेंबात आधी पोहोचलेले यीस्ट अमिनो आम्ले संपवते आणि मागून येणाऱ्याला जम बसवू देत नाही. कॅलिफोर्नियातील मिम्युलस या फुलझाडावर २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जिवाणूंमुळे परागीभवन घटले, यीस्टमुळे घटले नाही. तेव्हा फुलकिड्याने आणलेले यीस्ट भुंग्याने आणलेल्या जिवाणूंची वाट अडवते का, हा प्रश्न मला तुलनेपेक्षा मोलाचा वाटू लागला आहे. प्रत्येक नमुना यापुढे क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणूंना रोखणारे, यीस्टला वाढू देणारे प्रतिजैविक) घातलेल्या आणि न घातलेल्या, अशा दोन प्लेटींवर लावीन.