कौन्सिलच्या शाळेतले आजोबा

आपल्या शाळेला शंभर वर्षं होताहेत, म्हणजे तिची पहिली वीसेक वर्षं साहेबाच्या राज्यात गेली. छड्या, स्नेहसंमेलनं, शाळेमागची बोरं यांवर लिहिणारे या स्मरणिकेत पुष्कळ असतील. मी त्या वीस वर्षांवर लिहितो. माझे आजोबा तेव्हा इथून चौथी पास झाले आणि म्हातारपणी बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी ती शाळा मला अनेकदा ऐकवली. १९४८ मध्ये शाळा जनपद सभेकडे, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक कारभार मंडळाकडे गेली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे आली. वडील 'जनपदची शाळा' म्हणत, आजोबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'कौन्सिलची शाळा'च, म्हणजे त्याआधीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलची.

त्यांचा अभ्यास ऐकला तर आजची पोरं चक्रावतील. पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे. बाळबोध म्हणजे देवनागरी वाचायचं, मोडी लिपीही वाचायची. खत म्हणजे कर्जाचा कागद, पावती, अर्ज लिहायला शिकायचं. सरकारला यातून काय हवं होतं ते उघड आहे: शेतसारा वेळेवर भरणारा आणि पटवाऱ्याच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही करणारा खातेदार. पण शिकलेलं पोरगं ती विद्या कुठे वापरेल हे साहेबाच्या हातात नव्हतं. आजोबा चौथीत असताना शेजारच्या एका कुळंब्याने सावकाराकडचं खत त्यांच्याकडून वाचून घेतलं. ज्वारी सवाईने आणली अशी त्याची समजूत. कागदावर मात्र दिडी निघाली. मणाला पाव मण द्यायचं तिथे अर्धा मण! आजोबांनी पाटीवर हिशेब मांडून दाखवला. सावकाराने पुढे काही सोडलं नाही, पण त्या दिवसापासून गावातले लोक कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागले. शाळेबद्दल आजोबांना खरा अभिमान होता तो या एका गोष्टीचा.

इतिहासाच्या पुस्तकात १८५७ म्हणजे 'शिपायांचं बंड', आणि शेवटी इंग्रजी राज्याचे फायदे: आगगाडी, तारायंत्र, टपाल, शांतता. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, आला की हा धडा हमखास विचारायचा, त्यामुळे मास्तर तो पाढ्यासारखा घोकून घेत. मास्तरांचाही इलाज नव्हता. पोरांनी राजकारणात पडू नये म्हणून सरकारचा गृहसचिव रिस्ले याचं परिपत्रक १९०७ मध्येच निघालं होतं आणि शाळेची ग्रँट सरकारच्या मर्जीवर. आजोबांना ते फायदे सत्तरीतही क्रमाने पाठ होते. म्हणून झाले की हसून म्हणत, "आगगाडी आली बावा, पण कापसाचा भाव मुंबईले ठरे." पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळला जायची ती आपली शकुंतला, छोटी आगगाडी, विलायती कंपनीची. वऱ्हाडातला कापूस बंदराच्या वाटेला लावणं हेच तिचं मुख्य काम होतं.

भाषेचं काय? कागदावर धोरण वाईट नव्हतं, असं माझं मत. मेकॉलेचं १८३५ चं टिपण वरच्या थोड्या लोकांना इंग्रजीतून शिकवा म्हणत होतं. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खालच्या शाळांसाठी देशी भाषा मान्य केल्या. त्यामुळे आजोबा मराठीतून शिकले. फक्त ही मराठी वऱ्हाडातली नव्हती. क्रमिक पुस्तकांची भाषा मुंबई इलाख्यात घडली, मेजर कँडीसारख्या इंग्रजाच्या देखरेखीखाली. घरी 'मले' म्हणणाऱ्या पोराने शाळेत 'मला' म्हटलं नाही तर हातावर छडी. साहेब गेल्यावरही ही छडी गेली नाही. ती मी स्वतः खाल्ली आहे. मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीकडच्या गोंड पोरांना तर 'मला' काय आणि 'मले' काय, दोन्ही परकेच.

खरी मेख चौथीनंतर होती. गावची शाळा तिथे संपायची. इंग्रजी हवी असेल तर तालुक्याच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत जा, तिथे खोली करा, फी भरा, खाणावळीचे पैसे द्या. तहसीलीत अर्ज मराठीत चालायचा, पण कारकुनाच्या वर चढायचं तर इंग्रजी लागायची. आपल्या तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२० नंतरच्या दशकात हायस्कुलांत मराठी-हिंदीतून शिकवायला सुरुवात झाली खरी, पण हायस्कुलापर्यंत पोचायचं कोणी? आजोबांना पुढे शिकायचं होतं. घरी दोन बैल होते आणि औत धरणारं दुसरं कोणी नव्हतं. गावातल्या महारवाड्यातली पोरं तर चौथीपर्यंतही क्वचितच टिकायची. शाळा सगळ्यांना खुली असा सरकारी नियम, बसायला मात्र ओसरी. हे आजोबांनी आढेवेढे न घेता सांगितलं, म्हणून इथे लिहितो.

या अडचणीवर तोडगा काढला तो खेड्यातूनच वर आलेल्या माणसाने. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या पोरांना हायस्कुलाचं दार उघडलं. आमच्या घरात मॅट्रिक झालेले पहिले माझे वडील.

वर्ध्यालाही ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. मातृभाषेतून सात वर्षं शिक्षण आणि तेही हस्तोद्योगाच्या आधारे, ही नई तालीम तिथून निघाली. पाठोपाठ प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांची खेड्यातल्या शाळांसाठीची विद्यामंदिर योजना आली. 'मंदिर' या नावावरून मुसलमान समाजाने तिला हरकत घेतली. आपल्या शाळेत यातलं आलं ते सूत कातायच्या टकळीच्या रूपाने. ज्यांच्या घरात छपरापर्यंत कापसाच्या गंज्या, त्यांना शाळेत कातायला कापसाचे पेळू वाटले जायचे! वडिलांचं सूत दर हातभराला तुटायचं. माझ्या वेळी त्या टकळ्या ऑफिसातल्या कपाटात, खालच्या खणात गंजत पडलेल्या होत्या.

त्याच कपाटात जुनं शेरेबुक होतं, दिपोट्यांच्या शाईतल्या शेऱ्यांचं. सातवीत असताना मी ते हातात घेतलं होतं. मुख्याध्यापकांना विनंती आहे की ते शोधून त्याच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. आणि ज्यांच्या माळ्यावर आजा-पणज्याची क्रमिक पुस्तकं, कित्ते, सर्टिफिकिटं असतील, त्यांनी ती वाळवी लागायच्या आत शाळेत आणून द्यावीत. आजोबांची मोडीची वही मी कार्यक्रमाला येताना आणतो आहे.