तारीख विचारणे

आमच्या पोह्यांच्या डब्यावर ‘चि. सौ. कां. सुमन हिस मावशीकडून, तारीख विचारणे’ असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय. शेवटचे दोन शब्द मावशीने स्वतःला आठवण म्हणून चिठ्ठीत लिहिले होते. नावं घालणाऱ्याने चिठ्ठी इमानेइतबारे डब्यावर उतरवली!

इंग्लंडातल्या विल्टशर काउंटीच्या जुन्या नकाशाची हकिगत ऐकली, तेव्हा मला आधी हा डबा आठवला.

तो नकाशा जॉन स्पीडचा. गडी मूळचा शिंपी. १६११च्या सुमारास त्याने काउंट्यांचे नकाशे छापून काढले. स्वतः मोजणी फारशी केली नाही. बरंचसं क्रिस्टोफर सॅक्स्टनच्या १५७९च्या नकाशांवरून उचललं. आपण दुसऱ्याच्या शेतात विळा चालवला, हे त्याने उघड कबूलही केलं. सॅक्स्टनच्या नकाशात नॉर्थ बर्कंब हे गाव त्याला सापडेना, म्हणून कच्च्या प्रतीत त्याने नावाशेजारी लॅटिनमध्ये ‘क्वेरे’ लिहिलं. म्हणजे ‘विचारा’.

पण नकाशे कोरले जायचे समुद्रापलीकडे, अ‍ॅमस्टरडॅमला, योडोकस होंडियसकडे. तिथे समोर येईल ते तांब्यात उतरत होतं. हे काम नाजूक. चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवायचा, कोरणी एका हाताने पुढे रेटायची आणि वळण आलं की दुसऱ्या हाताने पत्राच फिरवायचा. कोरणीपुढे तांब्याची बारीक कुरळी साल निघत जाते. अक्षरं सगळी उलटी, डोंगर म्हणजे वारुळासारखे उंचवटे. चुकलं तर पत्रा पाठीमागून ठोकून, घासून पुन्हा कोरायचा. एवढ्या खटाटोपात गावाच्या नावाचा अर्थ कोण लावत बसणार? ‘क्वेरे’ गावाचं नाव म्हणून नकाशात गेलं.

होंडियसला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तो वाढला आजच्या बेल्जियममधल्या गेंटला, धर्मच्छळामुळे परागंदा होऊन काही वर्षं लंडनला राहिलेला. तिथली भाषा कानावरून गेलीच असणार. पण हातातली चिठ्ठी बदलायची नाही, हा त्याच्या धंद्याचा धर्म. पुढच्या नकाशेवाल्यांना मात्र ही सवलत नाही. ते स्पीडवरून डोळे मिटून उतरवत गेले आणि ‘क्वेरे’ कितीतरी वर्षं नांदत राहिलं.

स्पीडच्या त्या नकाशांत रस्ते दाखवलेलेच नाहीत, हे एक बरं. नाहीतर कोणीतरी घोडा काढून तिकडे निघाला असता.