फोडणीपुरती करडई

2022 च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, त्या आठवड्यात बार्शीच्या दुकानात मी तेलाच्या पिशवीवरची किंमत दोनदा वाचली. युक्रेनचं सूर्यफूल तेल युद्धामुळे आधीच अडकलेलं. इंडोनेशियाची बंदी तीनेक आठवड्यांत उठली, पण मनात खुपत राहिलं. ज्वारी आपली, तूर आपली, आणि फोडणी जहाजातून! देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं हे वाचलं होतं. ते आपल्याच कढईत आहे, हे लक्षात आलं नव्हतं.

आमच्याकडे पूर्वी ज्वारीच्या कडेनं करडईच्या काकऱ्या असायच्या. काट्यांमुळे ढोरं आत शिरायची नाहीत आणि घरापुरतं तेलही निघायचं. पुढे हरभऱ्यानं ती जागा घेतली. वीस गुंठे करडई करायची म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, "पेरशील रे, पण कापणार कोण?"

त्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस हटेना. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊन पेरणी व्हायला महिनाअखेर उजाडली. बी अडीच किलोच लागलं. विरळणीत उपटलेल्या कोवळ्या रोपांची मुगाची डाळ घालून भाजी झाली. अख्ख्या खटाटोपात तेवढंच काम घरात सगळ्यांना आवडलं. डिसेंबरात बांधाकडच्या ओळींवर मावा ही रस शोषणारी कीड दिसली. निंबोळी अर्क फवारला, तरी त्या ओळी बसल्याच.

मार्चमध्ये आईचा प्रश्न समोर उभा राहिला. मजूर काट्यांना हात लावेनात आणि हार्वेस्टरवाला एवढ्याशा तुकड्यासाठी यायला तयार नाही. शेवटी आम्ही घरचे चौघं पहाटे पाचला रानात. दवानं काटे जरा नरम असतात. आठ वाजले की ते सुईसारखे होतात, की काम बंद. हातमोजे घालूनही बोटं सुजली. सहा पहाटा गेल्या. काठीनं बडवून, उफणून दोन क्विंटलच्या आसपास माल पदरात पडला.

चाळीस किलो घेऊन लाकडी घाण्यावर गेलो. घाणेवाल्यानं चार दाणे दाताखाली धरले आणि पोतं परत केलं. "अजून दोन उन्हं द्या." दिली. पुढच्या खेपेला दहा किलोच्या आसपास तेल मिळालं, पेंड म्हशीला. बी कोठीत ठेवायचं आणि लागेल तसं गाळून आणायचं, हे शहाणपण त्याचंच. घरी दोन दिवस गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ तेल बरणीत ओतलं.

मजुरी धरली तर हे तेल पिशवीपेक्षा महागच पडतं; म्हणून आईसमोर मी हिशेब मांडत नाही. रोजच्या भाजी-आमटीला आता करडईच. दिवाळीत मात्र एक पिशवी अजून येते. या तेलाला तळताना फेस येतो आणि चकली दिसत नाही, असं बायकोचं म्हणणं. आई म्हणते, आच कमी ठेवा. मी त्या दोघींच्या मध्ये पडत नाही.