टोपकापीचा खजिना: सुलतानांचं सोनं बघायला जाताना

इस्तंबूलचा टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी आणि कापालीचार्शी, म्हणजे आपण ज्याला ग्रँड बझार म्हणतो तो, रविवारी. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे तीन वार लिहून ठेवा. रविवार, सोमवार, मंगळवार असं सलग राहणाऱ्याला रोज एक ना एक दार बंद मिळतं.

मी गेले ती मावशीबरोबर. मावशीचं अख्खं आयुष्य कोल्हापूरच्या गुजरीजवळ, म्हणजे सराफांच्या पेठेजवळ, गेलं, त्यामुळे दागिना दिसला की ती आधी वजनाचा अंदाज करते, मग घडण बघते आणि कुणाचा होता हे सगळ्यात शेवटी विचारते. राजवाड्यात असं माणूस बरोबर असावं. ऑडिओ गाइड सनावळ्या सांगतो, पण खडा कसा बसवलाय ते सांगत नाही.

सुलतानअहमत किंवा गुलहाने स्टॉपवर ट्रामनं उतरायचं. पहिल्या चौकात तिकीट लागत नाही. तिथलं आया इरिनी चर्च आणि जुनी टांकसाळ बाहेरून बघून घ्या. तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढा. ते चांगलंच महाग आहे आणि दर सारखे बदलतात, म्हणून इथे आकडा देत नाही. उघडायच्या वेळेला, नऊच्या सुमारास, दारात हजर राहा आणि आत शिरल्यावर लोक जसे डावीकडे हरमकडे, म्हणजे जनान्याकडे, वळतात तसं वळू नका. सरळ चालत तिसरा चौक गाठा. खजिना उजव्या हाताला आहे, सुलतान मेहमेद दुसऱ्यानं पंधराव्या शतकात बांधलेल्या महालात. दहानंतर बोटींमधून आलेले जथे येतात आणि काचांपुढे नुसती डोकी दिसतात. काही दालनं मधूनच डागडुजीसाठी बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी साइट बघून घ्यावी. खजिन्यात फोटोला बंदी आहे. एका परीनं ते बरंच, माणसं निदान वस्तूकडे बघतात.

वाटेत दुसऱ्या चौकात आठ घुमटांची एक इमारत लागते. तो बाहेरचा खजिना. तिथून राज्याचा खर्च चाले आणि जानिसारी शिपायांना दर तीन महिन्यांनी पगाराच्या थैल्या मिळत. आतला खजिना खुद्द सुलतानाचा. त्याच्या दाराबद्दल एक गोष्ट सांगतात. इजिप्त जिंकून आलेला सुलतान सलीम पहिला म्हणाला, मी हा खजिना सोन्यानं भरलाय. माझ्यामागे कुणी तांब्यानं जरी एवढा भरला तर त्यानं आपला शिक्का लावावा, नाहीतर माझाच चालू ठेवा. म्हणून म्हणे शेवटपर्यंत दाराला सलीमचाच शिक्का लागत राहिला. गोष्ट खरी असो नसो, तिच्यातला टोमणा पुढच्या सुलतानांना नक्की झोंबला असेल.

आता मुख्य. खजिन्यात दोन वस्तूंसाठी वेळ राखून ठेवा आणि त्या एकीपाठोपाठ एक बघा: टोपकापीचा खंजीर आणि नादिरशहाचं तख्त.

खंजीर सगळ्यांना फोटोंमधून माहीत असतो. मुठीवर एकाखाली एक तीन मोठे पाचू, सोन्याच्या म्यानावर हिरे, मधोमध मिन्यात रंगवलेली फळांची परडी. फोटोत जे कळत नाही ते मुठीच्या टोकाला आहे. तिथे चौथा, अष्टकोनी पाचू बसवलाय आणि तो खरं तर झाकण आहे. खाली छोटं घड्याळ. काचेच्या डाव्या बाजूनं जरा वाकून बघितलं की झाकणाची कड दिसते. पाचूंचा रंग गर्द, आत धुरकट रेषा. असे पाचू कोलंबियातून युरोपमार्गे पूर्वेकडे येत. मावशी बराच वेळ बघत राहिली.

"अगं, हे वापरायचं हत्यार नव्हे," ती म्हणाली. "मुठीला हात कुठे लावणार? पाचू टोचतील."

बरोबर आहे. हे हत्यार वापरण्यासाठी नव्हतंच, ती भेट होती. नादिरशहानं १७३९ साली दिल्ली लुटली हे आपल्याला शाळेपासून माहीत. (त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पानं वसई घेतली. मराठी माणसाच्या डोक्यात हे साल बहुधा त्यासाठीच असतं.) पुढे उस्मानी तुर्क आणि नादिरशहा यांच्यातली लढाई १७४६ च्या तहानं मिटली आणि दोन्ही दरबारांनी एकमेकांकडे वकील धाडायचं ठरवलं. इस्तंबूलहून सुलतान महमूद पहिल्यानं जी नजराण्याची सामग्री पाठवली तिच्यात हा खंजीर होता. इराणकडून निघालेल्या भेटींमध्ये हे तख्त. वकील वाटेत असतानाच, १७४७ च्या जूनमध्ये, नादिरशहाला त्याच्याच सरदारांनी मारलं. तुर्की वकील माघारी फिरला, खंजीर परत खजिन्यात आला. इराणकडचं तख्त मात्र अखेर इस्तंबूललाच पोचलं. म्हणजे ज्यानं पाठवलं त्याच्याकडे एक भेट परतली आणि ज्यानं पाठवलं तो उरलाच नाही त्याची भेट मिळाली. आता दोन्ही एकाच राजवाड्यात आहेत.

तख्त भारतीय कारागिरीचं आहे असं जाणकार सांगतात, आणि बघितल्यावर त्यांच्याशी भांडावंसं वाटत नाही. खुर्चीसारखं उंच नाही, मांडी घालून बसायची ऐसपैस बैठक आहे. लाकडावर सोन्याचा पत्रा, त्यावर हिरवा आणि लाल मिना, माणकं, पाचू, मोती. पूर्वी हे इराणच्या शाह इस्माईलचं म्हणून दाखवत आणि काही गाइड अजून तसंच सांगतात. एक गाइड आपल्याकडच्या ग्रुपला बेधडक "पीकॉक थ्रोन" म्हणून सांगत होता. हे मयूरासन नव्हे. ते नादिरशहानंतर मोडलं आणि हरवलं.

इथे मावशीचा उपयोग झाला. तिनं आधी तख्त बघितलं, मग शेजारच्या तुर्की वस्तू, मग पुन्हा तख्त. आपल्या कोंदणकामात शुद्ध सोन्याचा वर्ख खड्याच्या कडेनं दाबत दाबत भरतात, त्यामुळे खडा आणि सोनं जवळपास एका पातळीत येतं, बोट फिरवलं तर अडणार नाही. तुर्की कारागीर प्रत्येक खड्याला स्वतंत्र, उंच घर करतो, पुष्कळदा पाकळ्यांच्या आकाराचं, आणि ते घर वेलबुट्टीच्या सोन्यावर बसवतो. खड्यांना पैलू जवळजवळ नाहीत. जसा मिळाला तसा गोल घासून लावलेला, दोन माणकं एकसारखी मिळणार नाहीत. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या दालनांतलं निम्मं काम सोपं होतं, कारण हीच पद्धत त्यांनी सगळीकडे लावली आहे: जेडच्या वाट्यांवर, स्फटिकाच्या सुरयांवर, आरशांच्या पाठीवर, पुस्तकांच्या बांधणीवर, इतकंच काय चीनहून आलेल्या पोर्सेलीनच्या बश्यांवरसुद्धा. चांगल्या निळ्या-पांढऱ्या बशीला सोन्याची वेल आणि माणकं चिकटवायची कल्पना मला आवडली नाही. मावशीला आवडली.

या कारागिरांची दरबारात रीतसर नोंद होती. एहल-इ-हिरेफ नावाच्या कारखान्यांच्या पगारपत्रकांतली सर्वांत जुनी १५२६ ची आहेत. सोनार वेगळे, पोलाद किंवा जेडवर सोन्याची तार ठोकणारे वेगळे, खडे कोरणारे वेगळे. तबरीझहून, बाल्कनातून, कुठून कुठून आणलेले. सुलतान सुलेमान स्वतः तरुणपणी त्रबझोनला सोनारकाम शिकला होता. प्रत्येक शहजाद्याला एक हातकाम यावं अशी तिथली रीत. त्याच्यासाठी अहमद तेकेलू या कारागिरानं १५२६-२७ मध्ये केलेली यतागन तलवार इथल्या संग्रहात आहे. मांडलेली असेल तर चुकवू नका. पात्यावर सोन्यात उठवलेला ड्रॅगन आणि सीमुर्ग पक्षी झुंजताहेत, डोळ्यांच्या जागी माणकं. इथे सोनं कमी आहे आणि हात मोठा आहे, म्हणून मला खंजिरापेक्षा ही सरस वाटली.

त्याच सुलेमानसाठी व्हेनिसच्या सोनारांनी १५३२ मध्ये चार मुकुटांचं एक शिरस्त्राण केलं होतं. कारण राजकीय होतं. सम्राट चार्ल्स पाचव्याला दोनच वर्षांपूर्वी पोपनं मुकुट घातला होता, त्याच्यावर वरकडी. ते आता कुठेच नाही, त्या काळच्या छापचित्रातच बघायला मिळतं. वितळवलं असणार. खजिना म्हणजे काही जसंच्या तसं राखलेलं कपाट नव्हे. युद्ध आलं, तिजोरी रिकामी झाली की सोन्या-चांदीची भांडी बाहेर निघत आणि टांकसाळीत जात. आज दिसतं ते उरलेलं.

आता त्या प्रसिद्ध हिऱ्याबद्दल. काशिकची म्हणजे चमचेवाल्याचा हिरा, ८६ कॅरेट, नासपतीच्या आकाराचा, भोवती ४९ हिऱ्यांची दुहेरी महिरप. उकिरड्यावर सापडला आणि चमचेवाल्यानं तीन चमच्यांना घेतला, अशी गोष्ट. रांग लांब, काचेपुढे थांबायला पाच सेकंद. दिवे असे लावलेत की झगमग दिसते, हिरा दिसत नाही. रांग कमी असेल तर उभे राहा, नाहीतर मी सोडा म्हणेन. त्याऐवजी बायराम तख्त बघा. अक्रोडाच्या लाकडावर सोन्याचे पत्रे आणि त्यावर ९५४ पोपटी जबरजद (पेरिडॉट) खडे. हे इजिप्तचा सुभेदार इब्राहिम पाशा यानं १५८५ मध्ये मुराद तिसऱ्याला दिलं. राज्यारोहणाला आणि ईदेला हे बाबुस्सआदे दरवाजासमोर मांडत, आणि सगळे मानकरी क्रमानं पुढे येत. तुम्ही आत्ताच ज्या दरवाजातून तिसऱ्या चौकात आलात तोच तो.

मदिनेला प्रेषितांच्या कबरीसाठी सुलतान अब्दुलमेजिदनं पाठवलेले सोन्याचे दोन शमादानही इथेच आहेत. प्रत्येकी ४८ किलोचे, आणि पहिल्या महायुद्धात मदिना वेढ्यात सापडली तेव्हा परत आणलेले. तुऱ्यांच्या कपाटापुढेही थांबा. पागोट्यात खोवायचे ते रत्नजडित तुरे बघून शिरपेच आणि कलगीची आठवण येतेच, आणि ज्या चित्रांत सुलतानांच्या डोक्यावर ते दिसतात ती चित्रंही राजवाड्यातच आहेत.

तुर्की मालिका बघून येणाऱ्यांनी एक मनाशी धरून यावं. सुलेमानच्या बेगमेची, हुर्रेमची अंगठी, वालिदे सुलतानचा म्हणजे राजमातेचा हार, असलं फारसं काही इथे नाही. सिंहासनाशी जोडलेला ऐवज गादीचा, तो खजिन्यात राहिला. जनान्यातले दागिने बहुतेक त्या त्या बाईचे, ते वाटले गेले, विकले गेले, मोडून नवे झाले. अब्दुलहमीद दुसऱ्याला १९०९ मध्ये पदच्युत केल्यावर त्याच्याकडचे जडजवाहीर १९११ मध्ये पॅरिसला लिलावात निघाले. हरममध्ये जाल तेव्हा फरशा, जाळ्या आणि लाकूडकाम बघायला जा, दागिने बघायला नको.

पवित्र अवशेषांच्या दालनात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी जवळ ठेवा. तिथे कुराणपठण चालू असतं, आवाज खाली. राजवाड्यात खाणं महाग. बाहेर येऊन मर्जिमेक, म्हणजे मसूर डाळीचं सूप, आणि पाव घ्या. शाकाहारी माणसाचं त्यावर निभतं. चार तास लागतात, गुडघे दुखत असतील तर पाच.

दोल्माबाहचेला अर्ध्या दिवसात उरका. अब्दुलमेजिदनं १८४३ ते १८५६ मध्ये बांधलेला हा राजवाडा, छताच्या मुलाम्यालाच १४ टन सोनं गेलं म्हणतात. १८५४ मध्ये साम्राज्यानं पहिलं परदेशी कर्ज काढलं आणि १८७५ मध्ये देणी थकली, हे माहीत असलं की मान वर करून छत बघताना वेगळीच गंमत येते.

कापालीचार्शीला ट्रामचं बेयाझित स्टॉप. कालपाकचिलार हा सोन्याच्या दुकानांचा रस्ता, डोळे दिपवणारा आणि सगळीकडे सारखाच. मेहमेद दुसऱ्याच्या काळातला मूळ गाभा म्हणजे मधली जवाहीर बेदेस्तेन, म्हणजे घुमटांचा बंदिस्त बाजार, तिथे जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. कारागीर बघायचे असतील तर बाजाराच्या कडेच्या हानांमध्ये, म्हणजे जुन्या व्यापारी वाड्यांमध्ये, डोकवा. कालजिलार हानमध्ये चांदीची आटणी आणि ओतकाम चालतं. ही कामाची जागा आहे, विचारल्याशिवाय आत शिरू नये. मावशीनं खुणांनीच विचारलं, एका कारागिरानं स्टूल पुढे केलं. झाडलेली धूळसुद्धा इथे फेकत नाहीत, आपल्याकडचे झारेकरी करतात तसं तिच्यातून सोनं काढणारे वेगळे लोक आहेत. हे ऐकून तिचा तुर्कांबद्दलचा आदर एकदम वाढला.

घेणार असाल तर छाप बघा. तिकडे १४ कॅरेटचा माल खूप असतो, त्यावर ५८५ असतं. आपल्या सवयीचं २२ कॅरेट म्हणजे ९१६. दिवसाचा भाव, ग्रॅम आणि घडणावळ वेगवेगळं लिहून मागा. घासाघीस घडणावळीत होते, भावात नाही. लग्नात पाहुणे देतात ते चेयरेक म्हणजे पाव नाणं, २२ कॅरेट, पावणेदोन ग्रॅमचं. घडणावळ कमी असल्यानं आठवण म्हणून तेच परवडतं. कस्टमची दागिन्यांवरची सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्यांसाठी आहे, सहलीला गेलेल्यांसाठी नाही. तेव्हा पावती जपा आणि परतताना घेतलेलं सोनं जाहीर करा. अंगावरचे घरचे दागिने घालून जाणार असाल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, त्यासाठी तासभर आधी पोचा. मावशीनं पाटल्या आणि गंठण घरी ठेवून नुसत्या मण्यांवर प्रवास केला, तेही चालतं.